गच्चीवरचे चार फड

हे प्रकरण धुळ्यातल्या देवपूर भागातल्या एका घराच्या गच्चीवरच्या बागेचे आहे. नावे दिलेली नाहीत. घरातल्यांना मी जशी हाक मारतो तसेच इथे लिहिले आहे: काका, काकू, त्यांचा मुलगा आणि सून. ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत, आकडे मात्र माझ्या वहीतलेच आहेत. मी बांधकामांवर देखरेख करणारा माणूस. झाडांचे शिक्षण घेतलेले नाही; जे कळते ते आईच्या परसात आणि स्वतःच्या चुकांतून कळलेले. या प्रकरणातल्या दोन चुका माझ्याच आहेत आणि त्या पुढे येतीलच.

पार्श्वभूमी

काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. घर १९९४ चे. वर २० बाय ३० फुटांची मोकळी गच्ची, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. कोबा एकदा नव्याने केलेला, भोवती तीन फुटी कठडा, पाणी जायला ईशान्येच्या कोपऱ्यात एकच तोटी. हौद तीन हजार लिटरचा. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येते, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. घरात माणसे पाच.

गच्ची काही रिकामी पडलेली नव्हती, हे आधीच सांगायला हवे. कडक खान्देशी उन्हात गच्ची म्हणजे घराची सर्वांत कामाची खोली. मार्च-एप्रिलमध्ये तिथे बिबडे, कुरडया, नागलीचे पापड आणि शेवया वाळतात, लाल मिरची पसरते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली रात्री तिथेच गप्पा मारत झोपतात. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की दहा वाजता गच्चीवर पाण्याच्या चार बादल्या मारायच्या, फरशी थंड झाली की गाद्या टाकायच्या, हा घराघरातला क्रम. कुणी बाग करायची म्हणतो तेव्हा तो या सगळ्यांच्या जागेवर हक्क सांगत असतो. काकांच्या ते ध्यानात नव्हते. माझ्याही नव्हते, आणि ही माझी पहिली चूक.

२०२२ च्या दिवाळीनंतर काकांनी मला बोलावले. कागदावर आराखडा तयार होता. वीस फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच असे विटांचे तीन वाफे. त्यात गावाकडच्या शेतातली काळी माती, दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणेही झाले होते.

अडचण पहिली: वजन

मी तिथेच हिशेब मांडला. एका वाफ्यात ९० घनफूट माती. ओल्या काळ्या मातीचे वजन घनफुटाला ५० किलोच्या आसपास धरले तरी एक वाफा साडेचार टनांचा, तिन्ही मिळून साडेतेरा टन, विटा वेगळ्या. दर चौरस मीटरला आठशे किलोंच्या वर. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात जो भार धरतात तो आहे दर चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणजे पाच पटींहून जास्त. शिवाय हे घर गवंड्याच्या अंदाजाने बांधलेले, सळयांचा नकाशा कुणाकडेच नाही.

काकांनी विचारले ते मला अजून आठवते. "आमच्या गावच्या धाब्यावर हातभर माती होती, नुसत्या लाकडी सऱ्यांवर. लोखंड घातलेल्या स्लॅबला काय धाड भरलीय?"

प्रश्न खरा होता. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांवर मातीचा जाड थर असायचाच, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढायची. पण धाब्याखाली फूट-दीड फुटावर सऱ्या, सऱ्यांखाली तुळई, तुळईखाली मधोमध खांब. मोकळा गाळा फार मोठा नसे. माती चोपून, उतार देऊन बसवलेली असे, म्हणजे पाणी वरच्या वर वाहून जावे. वाफ्यात आपण नेमके उलटे करतो: माती भुसभुशीत ठेवतो आणि तिला रोज पाणी पाजतो. झड लागली की धाबे गळायचे, कधी बसायचेही, हे काकांनाही ठाऊक होते. ते काही बोलले नाहीत, पण ट्रॅक्टरवाल्याला फोन गेला.

काळ्या मातीबद्दल आणखी एक. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. शेतात तो तिचा गुण आहे, ती स्वतःच स्वतःला नांगरून घेते. कुंडीत किंवा वाफ्यात मात्र ती कडांपासून सुटते आणि ओतलेले पाणी मुळांना न भेटता फटीतून सरळ खाली जाते. वरून ओली दिसते, आत दगड.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विटांच्या वाफ्यांचा. तो वजनावर बाद झाला. दुसरा एका ठेकेदाराने सुचवला होता: पूर्ण गच्चीवर जलरोधक पडदा, वर पातळ थर आणि हिरवळ. हिरवळीला मे महिन्यात रोज किती पाणी लागेल असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, बोअर असेलच ना. बोअर नव्हते. तिसरा पर्याय म्हणजे गच्ची सोडून अंगणात दोन झाडे लावणे. काकूंचे मत हेच होते, पण तोवर त्यांना कुणी विचारलेच नव्हते. चौथा, पिशव्या आणि ड्रम, लोखंडी स्टँडवर, कठड्याला लागून.

चौथा ठरला. १२ इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ४८ नग. आकडा का ४८? पिशव्या डझनावर स्वस्त मिळत होत्या म्हणून. पाणी किती आहे ते पाहून नव्हे. या एका ओळीत पुढच्या वर्षभराचा त्रास आहे.

भरण्यासाठी एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, दीड भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोनदा भिजवून, पिळून घेतले. पाणी देऊन निथळलेली पिशवी काट्यावर ठेवली तर १९ किलो भरली. ४८ पिशव्यांचे ९१२ किलो, तेही भिंती आणि तुळया ज्या रेषेवर आहेत तिथे पसरलेले. नुसती काळी माती भरली असती तर हेच वजन दुपटीच्या जवळ गेले असते. दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम खांबाच्या डोक्यावर येईल अशा कोपऱ्यात ठेवला. स्टँड सहा इंच उंच केले, खालून झाडू फिरावा आणि स्लॅब वाळावी म्हणून. या भागात मला पश्चात्ताप करण्यासारखे काही सापडत नाही.

पहिले वर्ष

हिवाळा छान गेला. धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत इथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा यांना ती मानवते. टोमॅटोही लागले. वांग्याची रोपे भरिताच्या वाणाची होती. जानेवारीच्या शेवटी पहिले भरीत झाले, गच्चीवरच तुराट्यांवर भाजून. काकूसुद्धा वर आल्या होत्या त्या दिवशी.

फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढले आणि सगळे आकडे बदलले. हिवाळ्यात पिशवीला दिवसाला एक लिटर पुरत होते, एप्रिलमध्ये अडीच लागायला लागले. ४८ पिशव्यांना १२० लिटर. आता हौदाचा हिशेब बघा. पाच माणसे, माणशी शंभर लिटर, सहा दिवस: तीन हजार लिटर. हौदही तीन हजारांचाच. शिल्लक शून्य, आणि बागेला सहा दिवसांत ७२० लिटर हवे. हा गुणाकार चौथीतल्या मुलाला येतो. काकांनी तो चाळीस वर्षे शिकवला. तरी ऑक्टोबरमध्ये आम्हा दोघांपैकी कुणीही केला नाही.

त्यातच मार्चमध्ये वाळवणाचा विषय निघाला. कठड्याकडेच्या पिशव्यांनी आणि टोमॅटोच्या बांबूंनी सकाळची उन्हे अडवली होती, मधल्या जागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या. काकू माहेरच्या अहिराणीत काकांना म्हणाल्या, "मंग कुरडाया कोठे टाकू मी? तुमना डोकावर?" सून हसली, काका हसले नाहीत.

ठिबकचे थोडक्यात. लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, बसवलेले ड्रिपर ताशी चार लिटरचे होते, पण तो आकडा साधारण एक किलो दाबाचा असतो. ड्रम चार फुटांवर. त्याने दाब मिळतो त्याच्या आठव्या हिश्शाच्या आसपास. परिणाम असा की ड्रमजवळच्या पिशव्या चिंब आणि टोकाच्या कोरड्या. शिवाय काळ्या नळीत दुपारी साचलेले पाणी इतके तापते की हात लावता येत नाही. संध्याकाळी कॉक उघडला की पहिले उकळते घोट मुळांवर. सुनेने हे ओळखले आणि पाणी पहाटे सहाला द्यायचे ठरवले. पुढे ड्रिपर काढून सारख्या लांबीच्या बारीक नळ्या जोडल्या, तेव्हा वाटप जरा बरे झाले.

निर्णयाचा पहिला क्षण: टँकर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन वाटा होत्या. अर्ध्या पिशव्या सोडून द्यायच्या, की पाणी विकत घ्यायचे. काकांनी टँकर मागवला. लावलेले झाड डोळ्यांदेखत वाळताना पाहणे सोपे नसते, मी त्यांना दोष देत नाही. टँकरचे पाणी बोअरचे होते, जड, आणि रिकाम्या हौदात ते उरल्यासुरल्या नळाच्या पाण्यात मिसळले.

इथे माझी दुसरी चूक. मी म्हणालो, "काका, आरओचे टाकाऊ पाणी मोरीत कशाला सोडता? ड्रममध्ये घ्या." दिवसाला तीस-चाळीस लिटर फुकट मिळणार म्हणून सगळे खूश झाले.

तीन आठवड्यांत पिशव्यांच्या काठांवर आणि मातीवर पांढरी खार दिसू लागली. वांग्याची नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कडा जळालेल्या. काकांना वाटले खत कमी पडतेय, म्हणून त्यांनी शेणखत आणखी घातले. मुलाने कुठून तरी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेन आणला. टँकरचे पाणी ११०० च्या आसपास होते, आणि ड्रममध्ये जात असलेले आरओचे पाणी १६०० च्या वर. आरओ यंत्र क्षार नष्ट करत नाही. प्यायच्या पाण्यातले क्षार काढून ते टाकाऊ पाण्यात ढकलते. मूळ पाणी गोडे असेल तर ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला चालते, झाडालाही फार बाधत नाही. मूळच जड असेल तर आपण झाडाला मीठ पाजत असतो. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचेही असेच: दिवसभर पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. याउलट एसीच्या नळीतून टपकणारे पाणी हवेतली वाफ थंड होऊन बनलेले असते, ते जवळजवळ क्षारविरहित. पण या घरात एसी नव्हता.

पाने पिवळी म्हणून लोहाचे औषध फवारावे का, असे काकांनी विचारले. मी नको म्हणालो. मातीत लोह असते. विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, मातीत आणि जड पाण्यात ते मुळांना उचलता येत नाही. फवारून आठवडाभर पाने हिरवी दिसली असती, पाणी तेच राहिले असते. आरओची नळी त्या दिवशी मोरीत परत गेली.

वादळ आणि तोटी

मेच्या सुरुवातीला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली. कामगाराने ती चारी बाजूंनी ताठ ओढून कठड्यात बोल्ट ठोकून बसवली. रोहिणी निघता निघता एका संध्याकाळी वावटळ आली. खान्देशात याच दिवसांत केळीच्या बागा आडव्या होतात, हे वाचकांना सांगायला नको. ताठ जाळीने शिडासारखा वारा धरला. दोन बोल्ट कठड्याच्या विटेसकट निघाले आणि एक पाइप शेजारच्या गच्चीवर जाऊन पडला. नशिबाने शेजारचे लोक अजून झोपायला वर आले नव्हते. या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा प्रसंग हाच, आणि तो पाच मिनिटांत संपला.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा एकुलत्या एका तोटीत कोकोपीट, पाने आणि पिशव्यांतून वाहून आलेला गाळ जाऊन बसला. सकाळी गच्चीवर तीन इंच पाणी उभे. एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. तीन इंचांचे ७५. गच्चीला पेलायच्या भारापैकी निम्मा भार एका चिंधीएवढ्या गाळाने आणला होता, वर पिशव्या होत्याच. खालच्या बेडरूमच्या छताला ताटाएवढा ओलावा फुटला.

घरात त्या दिवशी बाग काढून टाकायचे जवळपास ठरले. मुलगा ठाम होता. काका गप्प.

निर्णयाचा दुसरा क्षण: काकूंचा हिशेब

आता जे सांगतो ते घडताना मी तिथे होतो म्हणून खात्रीने सांगतो. काकूंचे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. त्यांचे वडील पाटकरी होते, म्हणजे गावाच्या फडांना पाटाचे पाणी पाळीने देणारे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत काही शतके जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात काय हे बंधाऱ्यातले पाणी पाहून गाव ठरवणार. पाणी कमी दिसले तर एखादा फड पडीक. स्वतःचे शेत त्या फडात आले म्हणून कुणी कुरकुर करायची नाही, कारण बहुतेकांचे तुकडे सगळ्या फडांत विभागलेले असत.

काकू मुलाला म्हणाल्या, "काढायची कशाला? चार फड पाड. पाणी नाही तेव्हा तीन पडीक ठेव. आणि मार्च ते मे माझी जागा मला."

मी वही काढली. ४८ पिशव्या, बाराचे चार फड. उन्हाळ्यात घरातून कमी क्षारांचे पाणी किती निघते? भाजी, तांदूळ आणि डाळ धुतलेले, रोजचे तीस लिटर. सुनेने आठवडाभर बादलीने मोजले. नळाचे ताजे पाणी स्वयंपाकासाठी वेगळ्या टाकीत साठवायचे, म्हणजे टँकरचे त्यात मिसळणार नाही. अडीच लिटरने तीस लिटरमध्ये किती पिशव्या जगतात? बारा. बरोबर एक फड. हा योगायोग आहे, पण आकडा असा जुळल्यावर घरात कुणी वाद घातला नाही.

जे केले

पहिला फड बारमाही: कढीपत्ता, पुदिना, तुळस, मोगरा आणि वांग्याची चार झाडे. हा ईशान्येच्या बाजूला, जिथे दुपारनंतर जिन्याच्या खोलीची सावली पडते. उरलेले तीन फड हंगामी. मृगाच्या सरीनंतर भेंडी, गवार, गिलके, दोडके. वेल कठड्यावरून बाहेर सोडायचे, जाळीवर नाही. ऑक्टोबरपासून एका फडात पालेभाज्या, एकात टोमॅटो, एकात मुळा आणि लसूण. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच भावकीतले, त्यांचे रोगही सामाईक, म्हणून तोच फड दोन वर्षे त्यांना द्यायचा नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तिन्ही हंगामी फड मोकळे. पिशव्या ओल्या करून, पश्चिमेच्या कठड्यालगत एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक कडेने घट्ट दाबून झाकायचे. आत माती भाजून निघते; सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी बऱ्याच अंशी जाते. त्यासाठी माती ओली असावी लागते, कोरड्या मातीत उष्णता नीट खोल जात नाही. चार-सहा आठवडे पुरतात. ज्या उन्हाने आधीच्या वर्षी बाग मारली त्याच उन्हाला हे काम लावले. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळे तापवतो, त्यातलाच प्रकार.

आच्छादनासाठी रसवंतीवरून उसाची चिपाडे आणली. पहिल्या खेपेला ती ओलीच टाकली, गोडीने मुंग्या आल्या. मुंग्यांपाठोपाठ भेंडीवर पिठ्या ढेकूण आला, कारण मुंग्या त्याच्या चिकट गोड स्रावासाठी त्याला जपतात, इकडून तिकडे नेतात. आता चिपाडे आठ दिवस उन्हात वाळवून मगच टाकतात. ढेकणाला निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे दोन थेंब, सूर्य मावळल्यावर. दुपारी फवारले तर पाने भाजतात.

तोटीला वर उलटी टोपली आणि आत जाळी बसवली. दक्षिणेच्या बाजूला दुसरी तोटी फोडून घेतली, त्याला खर्च आला पण तो चुकवण्यासारखा नव्हता. छताच्या ओलाव्यावर वरून कोब्याची फट भरून घेतली. जाळी आता पहिल्या फडापुरतीच, सुतळीने बांधलेली आणि एका बाजूने सैल. मोठा वारा आला तर सुतळी तुटते, कठडा नाही. २० मेच्या सुमारास ती उतरवायची असे कॅलेंडरवर काकूंच्या अक्षरात लिहिलेले आहे.

पावसाचे पाणीही धरू लागले. ५६ चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला तर ५६ लिटर. धुळ्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पडतो, पण तो साठवायला जागा कुठे? तीन ड्रम भरतात, बस. त्या पाण्याचा खरा उपयोग वेगळाच झाला: जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक पिशवीतून दोन-तीनदा भरपूर पावसाचे पाणी निथळू दिले आणि साचलेली खार धुऊन निघाली. पिवळी वांगी त्यानंतर सावरली. सगळी नाही, चारातली तीन.

काय हाती लागले

२०२३-२४ च्या हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरातली पालेभाजी जवळपास सगळी वरून आली. कोथिंबीर विकत आणली नाही. टोमॅटो वाटून उरले. उन्हाळ्यात टँकर आला तो फक्त घरासाठी. पैशांत पाहिले तर दोन वर्षांत भाजीवर वाचले त्यापेक्षा पिशव्या, स्टँड, कोकोपीट आणि तोटी यांवर नक्कीच जास्त गेले. खर्च वसूल होतो का असे मला कुणी विचारले तर मी हेच घर दाखवतो आणि नाही म्हणतो.

खालची खोली थंड झाली का? काका म्हणतात हो. सून म्हणते कूलर तेवढाच चालतो.

फड पाडल्यानंतर वाळवण दोन्ही वर्षे बिनबोभाट झाले.

पुन्हा करायचे झाले तर

क्रम उलटा लावेन. पहिल्या भेटीत आराखडा बाजूला ठेवून गच्चीवर वर्षभर कोण काय करते ते विचारेन, आणि ते घरातल्या बाईला आधी. या घरात त्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले असते, कारण ते माजघरात बसून शेवया वळत होते.

पिशव्या विकत घेण्याआधी मे महिन्याचे पाणी मोजेन. नोव्हेंबरचे मोजून काही कळत नाही, नोव्हेंबरमध्ये सगळ्यांचीच बाग फुलते. या घरात १२ पिशव्यांनी सुरुवात झाली असती तर टँकर, खार आणि निम्मी भांडणे टळली असती. मात्र १२ पिशव्यांवर काका समाधानी राहिले असते का, याची मला शंका आहे. हिवाळ्यातल्या त्या भरल्या गच्चीने त्यांना धरून ठेवले. त्यामुळे ४८ चा आकडा पूर्ण चूक होता असेही म्हणवत नाही. त्याला चारने भागायला एक वर्ष लागले, एवढेच.

पाऊस येण्याआधी तोटीत पाइप लावून पाणी सोडून पाहीन. दहा मिनिटांचे काम होते. बांधकामावर मी हे दर वेळी करतो, इथे बागेच्या नादात विसरलो. आणि १९९४ च्या, नकाशा नसलेल्या स्लॅबवर माझ्या अंदाजावर न थांबता संरचना अभियंत्याला एकदा बोलावेन. पिशव्या हलक्या होत्या म्हणून निभावले. साठलेल्या पाण्यासकट तो भार कुणी मोजला नव्हता.

लोहाचे औषध न फवारण्याचा निर्णय मी आजही तसाच घेईन. आरओच्या पाण्याचा सल्ला देण्याआधी मात्र पेन बुडवून पाहीन.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. यंदा मुलाला पहिल्या फडात लिंबाचे झाड लावायचे आहे, मोठ्या ड्रममध्ये. भरलेला ड्रम दीडशे किलोंच्या पुढे जाईल आणि मे महिन्यात त्याला एकट्याला आठ-दहा लिटर लागतील, म्हणजे तीन-चार पिशव्यांचे पाणी. काकूंनी विचारले आहे की मग मोगरा काढायचा की वांगी. उत्तर आखाजीपर्यंत द्यायचे ठरले आहे.